त्याच्या नावाची सव्वा मूठ

माझं माहेर शिंदखेड्याकडचं, तापीकाठचं. गावाचं नाव तेवढं लिहू नका, तिथे अजून भाऊ राहतात आणि त्यांना माझं नाव कुठे निघालेलं आवडत नाही. वडील सालदार होते, दुसऱ्याच्या वावरात वर्षाच्या बोलीने राबायचे, आई कापूस वेचायला जायची, आणि अशा घरातली मी बी.ए. झाले, अर्थशास्त्र घेऊन, हे आधी लिहा. आमच्या घराण्यात त्याआधी सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, पुरुषसुद्धा नाही. तालुक्याच्या कॉलेजला एसटीने जायचे, एसटी नाही आली तर दुधाच्या गाडीत कॅनच्या मध्ये बसून जायचे, पोरी हसायच्या की हिच्या पदराला दुधाचा वास येतो, तर येऊ दे ना, शेणाचा तर नाही येत. मी अहिराणी घरात बोलते, बाहेर शुद्ध बोलते, आणि राग आला की दोन्ही बोलते, तेव्हा काही समजलं नाही तर विचारा.

बी.ए. झाले आणि लग्न झालं. मास्तरीण व्हायचं होतं, पण वडील म्हणाले, पोरी, मुलगा सुरतेला आहे, लूमच्या खात्यात कारागीर आहे, स्वतःची खोली आहे, आणखी काय पाहिजे. खोली त्याची एकट्याची नव्हती, सासऱ्याच्या नावावर होती, हे सुरतेला आल्यावर कळलं. बमरोलीत आलो आम्ही. तेव्हाचं बमरोली म्हणजे काय सांगू तुम्हाला, लूमचा खडखडाट एवढा की नवराबायकोला भांडायचं असलं तरी घराबाहेर चार गल्ल्या लांब जावं लागायचं, तोवर राग निवून जायचा. माणूस वाईट नव्हता. कमी बोलायचा, आणि माझं शिक्षण जास्त म्हणून मला थोडा भ्यायचा, हे मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पाच वर्षांत त्याला कावीळ झाली. तिकडे कोपऱ्यावर एक डॉक्टर म्हणवणारा बसायचा, तो रोज बाटला चढवायचा. बाटला म्हणजे सलाईन, सुरतेत सगळे बाटलाच म्हणतात. मजुराला वाटतं बाटला चढला म्हणजे इलाज झाला. बाटले चढत गेले आणि माणूस उतरत गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला मोठे दीर, आमच्याकडे जेठ म्हणतात, ते म्हणाले, आता तू आमच्याकडे राहायला ये, दोन घास तुलाही मिळतील. मी म्हटलं, भाऊजी, दोन घासांत माझं होत नाही, मी चार खाते.

मग खोलीतच खानावळ काढली. रांधायचं मला माहेरापासून येत होतं आणि गल्लीत सगळी आपलीच माणसं, धुळ्याची, शिरपूरची, पारोळ्याची, बायका गावी ठेवून आलेली. त्यांना गुजराती डाळीतला गूळ बघून रडू यायचं. मी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, शेवभाजी, वांग्याचं भरीत, खापरावरची नाही पण तव्यावरची पुरणपोळी, असं सुरू केलं. माझ्या हाताला तेल आणि तिखट सढळ, ते मी मान्य करते. लोक खोलीत मावायचे नाहीत, ओट्यावर, नाल्याच्या कठड्यावर बसून जेवायचे. मालक, मुनीम, भांडीवाली सगळं मीच.

तर एक दिवस माझी गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली. एक जण गेला, मग दुसरा, मग तिसरा. भटू म्हणून एक जुना कारागीर होता, त्याला धरलं, म्हटलं, काय रे भो, माझ्या डाळीत झुरळ निघालं का. तो म्हणे, इंदूताई, समोर नवा डाक्टर आला आहे ना, तो म्हणतो काविळीचा पेशंट असेल त्याने त्या बाईकडचं खायचं नाही, मरायचं असेल तर खा. त्या बाईकडचं! मी ताट वाढलं, भरीत, भाकरी, ठेचा, सगळं, झाकलं आणि भरगर्दीत त्याच्या दवाखान्यात जाऊन टेबलावर ठेवलं. म्हटलं, खा आणि सांगा यात मरण्यासारखं काय आहे. हा माणूस उंच, काटक, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. त्याने ताटावरचं झाकणसुद्धा काढलं नाही. मला म्हणतो कसा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, हात पोटावर ठेवून, की बाई, हे बघा, पोटात, इथे, एक अवयव असतो, तो आजारी असला की तेल, तेल समजतं ना, ते पचत नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मी बी.ए. आहे, यकृत म्हणा, समजतं मला. सगळा दवाखाना हसला. भटू तर बाकावरून घसरला. डॉक्टर हसला नाही. त्याने स्वतः उठून स्टूल पुढे केलं आणि विचारलं, कॉलेज कोणतं, विषय काय होता.

आता तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण लग्न झाल्यापासून मला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, सासरच्यांनी नाही, गल्लीतल्या बायकांना तर ती माझी फुशारकी वाटायची. मी स्टुलावर बसले आणि अर्थशास्त्राचे पेपर कोणकोणते होते ते सांगत राहिले, आणि बाहेर तापाचे पेशंट थांबले होते. मग त्याने माझ्या नवऱ्याचं विचारलं, बाटल्यांचं विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर फक्त म्हणाला, म्हणूनच मी बाटला चढवत नाही. परत येताना ताट मी तसंच घेऊन आले. त्याचं म्हणणं पटलं होतं, पण तोंडावर कबूल करायला मी काही त्याची नोकर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आजाऱ्यांसाठी बिनतेलाच्या डाळीचं वेगळं पातेलं ठेवलं, एवढंच.

डॉक्टर लातूरकडचे. वडील गावचे मोठे, चौसोपी घर, जमीन, गावात शब्दाला मान. सरकारी कॉलेजातून शिकलेले, आणि हट्टी असे की काय सांगू. मजूर यायचा, म्हणायचा, साहेब, अंग दुखतं, सुई मारा, बाटला चढवा. हे म्हणायचे, तुला झोप पाहिजे, सुई नाही. मजूर म्हणायचा, पैसे देतो ना. हे म्हणायचे, पैसे देऊनही खोटं मिळणार नाही. मजूर शिवी देऊन कोपऱ्यावरच्याकडे जायचा आणि तिथे बाटला चढवून यायचा. असा तो भरलेला दवाखाना हळूहळू रिकामा झाला, आणि डॉक्टर आत पेपर वाचत बसलेला. मी म्हणायचे, अहो, साधं पाणी टोचा, त्यांचं समाधान होईल, तुमचं पोट भरेल. तर म्हणायचे, समाधानासाठी खोटं करा म्हणता, मग तुमच्यात आणि देवऋषीत फरक काय. मी म्हटलं, माझ्यात काय फरक करता, मी तर भाकरी करते, ती खरीच असते. तेव्हा पहिल्यांदा हसले.

मग माझ्याकडेच जेवायला लागले. तिखट खाता यायचं नाही, म्हणजे यायचं, पण नाक गळायचं आणि हट्टाने खात राहायचे, पाणी मागायचे नाहीत. पंगतीत बसलेले कारागीर मजा बघायचे. भटू म्हणायचा, डाक्टर, आमले सुई देत नही ना तुम्ही, ताईना ठेचा तुमले सुई दी राहिना. घरची आठवण मला बोलून दाखवायचे नाहीत, पण एकदा बोलता बोलता धपाट्यांचं निघालं, त्यांची आई करते म्हणाले. मी नांदेडच्या एका बाईला बांधकामावर जाऊन गाठलं, तिच्याकडून शिकून घेतले आणि एका सकाळी पानात वाढले. त्यांनी एक घास खाल्ला आणि चष्मा काढून पुसत बसले. बाकीच्यांना वाटलं मिरची लागली.

चौऱ्याण्णवची प्लेगची साथ तुम्हाला आठवत असेल, नाहीतर ऐकली असेल. सगळं सुरत स्टेशनाकडे लोटलं होतं, लूम बंद, आयुष्यात पहिल्यांदा बमरोलीत चिमण्यांचा आवाज ऐकला. कोपऱ्यावरचा बाटलेवाला पहिल्याच गाडीने पळाला. जेठही बायकामुलांना घेऊन धुळ्याला गेले, मला निरोपसुद्धा नाही. डॉक्टरांनी शटर उघडं ठेवलं. मी चूल चालू ठेवली, कारण ज्यांच्याजवळ गावी जायला काही नव्हतं ते मागे राहिलेच होते ना. तोंडाला फडकी बांधून आम्ही दोघं समोरासमोर काम करायचो, तो त्याच्या दारात, मी माझ्या, मध्ये रिकामी गल्ली. एकदा त्याने तिकडून ओरडून विचारलं, इंदूबाई, तुम्ही का नाही गेलात. मी ओरडून म्हटलं, मला कोण घ्यायला येणार आहे. तो पुढच्या पेशंटकडे वळला. पण त्या दिवसानंतर इंदूबाईची इंदू झाले मी. लोक परत आले तेव्हा त्यांनी ते ऐकलं, आणि ऐकायचं ते ऐकलंच.

त्यानंतर वर्षभराने एका रविवारी आम्ही डुमसला गेलो, त्याच्या स्कूटरवर. मध्ये मी जेवणाचा डबा ठेवून बसले होते, कोणी बघितलं तर म्हणता यावं की डबा पोहोचवायला चालले. तिथला समुद्र म्हणजे काळा गाळ, त्यात बघण्यासारखं काही नाही, पण लोक रताळूची, म्हणजे जांभळ्या कंदाची, भजी खायला जातात. भजी खाता खाता हा म्हणतो, इंदू, आपण कोर्टात लग्न करू. भजं तोंडात होतं माझ्या. मी म्हटलं, आधी गिळू तरी द्या. मग म्हटलं, करू, पण मी माझी चूल सोडून तुमच्याकडे येणार नाही, तुम्ही माझ्याकडे राहायला या. तो म्हणाला, येईन, माझ्याकडे तरी दवाखान्यामागे एक खाट सोडून काय आहे. किती सहज म्हणाला! येताना डबा मी बाजूला हातात धरला होता.

आता जरा नीट ऐका, कारण इथून पुढचं आमच्या खानदेशी माणसांनाच पूर्ण समजतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. तिचे रोट असतात. रोट कसे, तर घरात पुरुष जितके, तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू आणि डाळ काढायची, एकेकाचं नाव घेऊन. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याच्या नावाची सव्वा मूठ. बाईच्या नावाची मूठ नसते. त्या धान्याचं जे होतं ते फक्त भाऊबंदांनी खायचं, परक्याला कणभर द्यायचं नाही, लग्न होऊन गेलेल्या पोरीलाही नाही, आणि टाकायचंही नाही, पुनवेच्या आत संपवायचं. नवरा गेल्यापासून माझ्या घरात मूठ निघत नव्हती. जेठांच्या घरी जाऊन मी त्यांच्या रोटातलं खायचे, कोपऱ्यात बसून.

डॉक्टरचं जेठांच्या कानावर गेलं तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, खोली घराण्याची शे, घरमा माणूस व्हई ते घर, नही ते नुसती भीत. परका आणून ठेवशी ते आमना घरमा चालाव नही. म्हणजे घरात पुरुष असेल तर ते घर, नाहीतर नुसती भिंत, आणि परका पुरुष चालणार नाही. आता म्हणाल, बी.ए. झालेली बाई, एवढी कशाला भ्यायची. तर माझी चूल त्या खोलीत, आणि गिऱ्हाईक सगळं भाऊबंदांतलं आणि शेजारच्या गावांतलं. जेठांनी बोट वर केलं असतं तर दुसऱ्या दिवशी एकजण जेवायला आला नसता. मग मी आमच्या चुलतसासूकडे गेले, तिला सगळे मोठी माय म्हणायचे, घराण्यात तिचा शब्द शेवटचा. तिचे पाय दाबले, डोकं विंचरलं, आणि विचारलं, मोठी माय, रोट खाल्ला तो माणूस कोणाचा. ती म्हणाली, रोट खादा तो घरना. मी म्हटलं, मग डॉक्टर बसला तर. बाई चतुर होती, हसली. म्हणाली, बसाड त्याले. सगळा भाऊबंद बलाव. पाटवर बठना, मान लवाडी, रोट खादा, की तू तुना घरमा राणी, रतन काय करस मी देखस. रतन म्हणजे जेठ. जेठांना तिच्यापुढे बोलता येईना, पण तेही मनातून खुशीत होते, त्यांना वाटत होतं, एवढा शिकलेला माणूस काय आपल्या पाटावर बसतो.

मी त्या वर्षी स्वतःच्या घरात कानबाई मांडली. भिंती सारवल्या, म्हणजे सिमेंटच्या खोलीला काय सारवणार, चुना मारला. सव्वा मूठ गहू आणि डाळ काढली, डॉक्टरचं नाव घेतलं, मोठ्याने. रोटाच्या आधी चक्कीवाले चक्की धुऊन काढतात आणि बायका ओळीत उभ्या असतात, तिथे शेजारीण म्हणाली, काय वं, कोणा नावना. मी म्हटलं, डॉक्टरना नावना. माझी चूक म्हणाल तर ती इथे, की मूठ काढली आणि मग माणसाला विचारलं. पण मला वाटलं यात विचारायचं काय, मी त्याला ओळखते.

रविवारी सकाळी डॉक्टरला सांगितलं. शांतपणे ऐकलं त्याने. म्हणाला, मी देवीला मानत नाही, इंदू, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाला, मग चार लोकांपुढे खोटा नमस्कार कसा करू, आयुष्यभर मी लोकांना खोटी सुई दिली नाही. मी म्हटलं, अहो देवीला नका करू, देवीच्या शेजारी मी उभी असेन, मला करा, मान लववताना माझ्याकडे बघा. त्याने चष्मा काढून पुसला. मला वाटलं झालं. मग म्हणाला, बघणाऱ्याला ते देवीलाच दिसणार. मी म्हटलं, बघणाऱ्याला काय दिसायचं ते दिसू दे, माझी चूल जाते आहे. तो म्हणाला, चूल गेली तर दुसरी मांडू, मी आहे ना, कोर्टाचं उद्याच करू. मी म्हटलं, ती चूल मी राखेतून उभी केली आहे डॉक्टर, तुमच्या उद्यावर मी ती सोडू. त्यावर त्याचं एकच, मला खोटं जमणार नाही. मी अहिराणीत जे बोलले ते लिहू नका.

तरी मी संध्याकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. वाटत होतं येईल. भाऊबंद बसले, मोठी माय बसली, जेठ सगळ्यात पुढे. दार उघडं होतं आणि समोर त्याच्या दवाखान्यातली ट्यूबलाईट लागलेली होती. तो कुठे गावाला गेला नव्हता, ताप आला नव्हता, कोणी त्याला अडवलं नव्हतं. पेपर वाचत बसला होता. आम्हा सगळ्यांना दिसत होता. आरती झाली, पाट रिकामा. मोठी मायने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाली, चला. त्यांनी माझ्या घरचा रोट खाल्ला नाही, कोणाच्या नावाचा म्हणून खाणार. तो परक्याला देता येत नव्हता, टाकता येत नव्हता. मी एकटीने बसून संपवला, पुनवेपर्यंत, शिळा, कडक, पाण्यात बुडवून बुडवून. आणि तो संपला त्याच आठवड्यात जेठांनी खोलीला कुलूप लावलं. भांडी तेवढी काढू दिली.

मग मी पलसाण्याकडे हायवेला एका पत्र्याच्या शेडमध्ये नव्याने सुरू केलं, ट्रकवाल्यांसाठी आणि रंगखात्यातल्या लोकांसाठी. तो यायचा तिकडे, स्कूटर घेऊन, आठवड्यातून एकदा. म्हणायचा, मी नाही म्हटलेलं नाही, कोर्टात चल. मी म्हणायचे, थांबा, माझा राग जाऊ द्या. आणि राग खरंच जात होता बरं का. मी मनाला समजवायचे की माणूस तत्त्वाचा आहे, सगळ्यांशीच असा आहे, मजुराशी तसाच माझ्याशी, त्यात माझा अपमान कुठे. उलट अभिमान वाटायला लागला होता. ट्रकवाल्यांना सांगायचे, आमचे डॉक्टर जीव गेला तरी खोटं करत नाहीत. आमचे म्हणायचे मी.

माघात त्याच्या आईची तब्येत बिघडली म्हणून तार आली, तो गावी गेला. महिनाभराने आला. दुपारची वेळ, शेडमध्ये गर्दी नव्हती, मी पान वाढलं. त्याने हात पुढे केला आणि मला त्याची नखं दिसली. पिवळी. हा माणूस दिवसातून दहा वेळा साबणाने हात धुणारा, आणि हळद नखांच्या कडांना बसलेली, मनगटावर कंकणाच्या दोऱ्याचा वळ. मी भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिले. म्हटलं, केलंत. तो म्हणाला, आईची शेवटची इच्छा होती. मी विचारलं, कोर्टात. त्याने हात मागे घेतला. मी म्हटलं, बाशिंग बांधलं, अंतरपाट धरला. म्हणाला, हो. मी म्हटलं, तुमच्याकडे लग्नानंतर गोंधळ असतो ना देवीचा. म्हणाला, असतो. मी विचारलं, दिवटी हातात घेतलीत. तो म्हणाला, आईने सांगितलं म्हणून घेतली, इंदू, आईची गोष्ट वेगळी असते.

काय बोलायचं माणसाने. मी एवढंच विचारलं, म्हणजे तुळजापूरची देवी खरी आणि बमरोलीची खोटी, असं का डॉक्टर. तो जेवण तसंच टाकून उठला, माझ्या पानावरून उठून जाणारा तो पहिला माणूस. आणि मी सांगते तुम्हाला, त्याने दुसरीशी लग्न केलं याचं मला तेवढं लागलं नाही, आई मरणाला टेकली की पुरुष काय काय करतात, बघितलं आहे मी. लागलं ते हे की तो वाकत नाही असं मी समजत होते, आणि तो वाकत होता. आईपुढे वाकला, वाड्यापुढे वाकला, गावापुढे वाकला. ताठ राहिला तो फक्त गरिबापुढे, ज्याला सुई पाहिजे होती त्याच्यापुढे आणि माझ्यापुढे. जिथे हट्टाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते तिथे माणूस हट्टी होतो. हे कॉलेजात शिकवलं नाही मला, आणि अर्थशास्त्र तर हेच आहे की नाही सांगा.

आता पुष्कळ वर्षं झाली. शेडचं कॅन्टीन झालं, कॅन्टीनमधून हे घर झालं, दिंडोलीला, माझ्या एकटीच्या नावावर, खाली भटारखाना आणि वर मी. हाताखाली बायका आहेत, सगळ्या खानदेशच्या, नवऱ्यांनी टाकलेल्या नाहीतर नवऱ्यांना टाकलेल्या. लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेतो आम्ही. जेठ वारले, मोठी माय वारली, भाऊबंद मला बोलावत नाहीत आणि मी जात नाही. लग्न का नाही केलं मग, असं लोक विचारतात. विचारणारे चांगलेच असतात, पण मला उत्तर द्यायचा कंटाळा येतो.

डॉक्टरचं बारडोलीला मोठं हॉस्पिटल आहे म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात एक मंडपवाला ऑर्डर घेऊन आला, मोठ्या घरचं लग्न, मावशी, खानदेशी जेवणाचा वेगळा काउंटर पाहिजे, मुलीच्या वडिलांनी मुद्दाम सांगितलं आहे. कोणाचं घर विचारलं तर त्याने नाव सांगितलं. बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, त्यांना थोडंफार माहीत आहे. मी मंडपवाल्याला म्हटलं, नाही जमणार. तो म्हणाला, मावशी, एवढी मोठी ऑर्डर, आणि तारीख तर मोकळी आहे तुमची. मी म्हटलं, तारीख मोकळी आहे, मी नाही. त्याला काही कळलं नाही, नाराज होऊन गेला बिचारा. बायका म्हणाल्या, ताई, बरं केलं, नाक कापलं त्याचं. मी त्यांना रागावले. नाक कापायला नाही म्हटलं मी. खाणाऱ्याचं भलं व्हावं असं मनात ठेवून मी तीस वर्षं रांधते आहे, शत्रूचं पान वाढलं तरी तेच मनात असतं. त्या दिवशी चुलीपुढे उभी राहून माझ्या मनात ते आलं नसतं, मला माहीत आहे ना मी. आणि तसं अन्न कोणाच्या पोरीच्या लग्नात जाऊ नये, तिचा काय दोष. चांगल्या घरी पडली असेल, सुखात राहो ती, लेकराबाळांनी भरो. हे मी मनापासून म्हणते. तिच्या बापासाठी अजून काही म्हणता येत नाही, येईल तेव्हा म्हणेन, नाही आलं तर राहील.